बांगडा, आमसूल आणि अंगावर उठणारं पित्त: हिस्टामिनचा त्रास स्वयंपाकघरातून कसा आवरायचा

मी मूळची मालवणची, लग्न होऊन डोंबिवलीला आले. दुपारच्या डब्यांचा व्यवसाय करते, रोजचे चाळीस डबे जातात. अंगावर पित्त उठण्याच्या त्रासाबद्दल मला जे कळलं, ते गोळ्यांच्या पाकिटावरून कमी आणि ओट्यापाशी जास्त कळलं. म्हणून सगळं नीट, क्रमाने लिहायचं ठरवलं.

सुरुवात एका मे महिन्यातल्या रविवारी झाली. सकाळी अकराला बाजारातून सहा बांगडे घेतले, तिथून परस्पर एका बारशाला गेलो. पिशवी गाडीच्या डिकीत. घरी पोचायला तीन वाजले. मासे साफ करताना वास काही नव्हता, डोळे जरा बसलेले होते एवढंच. रात्री तिरफळं (जीभ चुरचुरवणारा आमचा कोकणी मसाला) घालून तिखलं, म्हणजे माशांचं तिखट कालवण केलं. पहिल्या दोन-तीन घासांनाच जीभ चुरचुरली. मला वाटलं तिरफळं जास्त पडली. अर्ध्या तासात कान तापले, तोंड लालबुंद झालं, छाती धडधडायला लागली आणि पोटावर, मांड्यांवर गांधी उठल्या. ह्यांचाही चेहरा लाल झाला होता, पण ते म्हणाले, दिवसभर उन्हात फिरलोय. मुलगी मासे खात नाही, तिला काहीच झालं नाही.

रात्री दवाखान्यात इंजेक्शन घेतलं. तिथे सांगितलं, माशांची ॲलर्जी आहे, मासे कायमचे बंद. मी दोन वर्षं मासे दुसऱ्यांना वाढले आणि स्वतः वरणभात जेवले. तरी पित्त अधूनमधून उठायचंच. मग एका दिवाळीत माहेरी गेले असताना भाऊ रापणीवरचे बांगडे घेऊन आला, जाळं ओढून तासही झाला नव्हता. आईने तळले. माझ्याने राहवलं नाही, मी दोन खाल्ले. काहीही झालं नाही. (माझं हे वागणं चुकीचं होतं. खरी ॲलर्जी असती तर जिवावर बेतलं असतं. तुम्ही असा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.)

परत आल्यावर ठाण्याच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "त्या रात्री तुमच्याबरोबर जेवलेल्या आणखी कुणाला काही झालं होतं का?" तेव्हा मला ह्यांचा लाल चेहरा आठवला.

ॲलर्जी वेगळी, हिस्टामिन न पचणं वेगळं

ॲलर्जीत आपलं शरीर एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजतं आणि स्वतःच्याच पेशींतून हिस्टामिन, म्हणजे खाज, लाली आणि गांधी आणणारं रसायन सोडतं. अशा माणसाला ताजा मासाही चालत नाही, एक घासही चालत नाही. दुसऱ्या प्रकारात हिस्टामिन बाहेरून, ताटातून येतं. बांगडा, कुपा (टुना), सुरमई, तारली, मांदेली अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा बर्फाशिवाय पडून राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. हे एकदा तयार झालं की तळा, उकळा, फ्रीझरमध्ये घाला, ते तसंच राहतं. वासावरून, रंगावरून कळेलच असं नाही. कधी जिभेवर मिरीसारखी चुरचुर जाणवते, आणि आमच्या तिखल्यात तिरफळं असल्यामुळे नेमकी तीच खूण झाकली गेली होती. असा मासा खाल्ला तर ताटावर बसलेल्या कुणालाही त्रास होऊ शकतो. ती विषबाधा असते.

आता माझ्यासारख्यांचं काय होतं ते सांगते. अन्नातलं हिस्टामिन मोडायला लहान आतड्याच्या अस्तरात डीएओ नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते कमी पडलं, तर इतरांना सहज पचणारं थोडंसं हिस्टामिनही आपल्याला जड जातं. मोठा गॅस्ट्रो होऊन गेल्यावर, आतड्याच्या आजारात आणि काही औषधांमुळे ते कमी पडतं. क्षयरोगाच्या उपचारातली आयसोनियाझिड ही गोळी त्यांपैकी एक. श्रीलंकेत ती घेणाऱ्या रुग्णांना कुप्याच्या जातीचे मासे खाल्ल्यावर असा त्रास झाल्याची नोंद आहे. घरात कुणाचं टीबीचं औषध चालू असेल तर गोळी अजिबात थांबवू नका, माशाबद्दल डॉक्टरांशी बोला. उलट गरोदरपणात वार हे विकर प्रचंड प्रमाणात तयार करते. मुलीच्या वेळी मी सुकटीची चटणी रोज खात होते आणि अंगावर एक गांध नव्हती, त्याचा अर्थ मला वीस वर्षांनी लागला.

माझी माशांची त्वचेवरची चाचणी कोरी आली. म्हणजे ॲलर्जी नाही. तुमचंही आधी एवढं नक्की करून घ्या. त्वचेवर टोचून करायची चाचणी किंवा रक्तातली आयजीई (ॲलर्जीच्या प्रतिपिंडांची) चाचणी ॲलर्जीच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने करा. नव्वद-शंभर पदार्थांची यादी देणारी आयजीजी (दुसऱ्या जातीच्या प्रतिपिंडांची) चाचणी मात्र करू नका. मी एका लॅबमध्ये हजारो रुपये भरून ती केली. अहवालात तांदूळ, गहू, दूध, नारळ सगळ्यांपुढे लाल खुणा. आठ दिवस मी काय खावं या विचाराने रडकुंडीला आले होते. आयजीजी फक्त आपण तो पदार्थ खातो एवढंच सांगते, त्यावरून ॲलर्जी ठरत नाही. रक्तातलं डीएओ मोजूनही पक्कं निदान होत नाही.

आणि गांधी सहा आठवड्यांहून जास्त दिवस रोज उठत असतील तर त्याचं कारण बहुधा जेवणात नसतं. तिथे थायरॉईडसकट बाकीच्या तपासण्या लागतात.

आधी वही

मी डब्यांच्या हिशेबाची जुनी वही घेतली आणि मागच्या पानापासून सुरुवात केली. काय खाल्लं, किती वाजता, त्रास काय, किती वेळाने, कोणती गोळी घेतली होती. आणि एक रकाना जो मला कुणी सांगितला नव्हता: ते अन्न किती तासांचं होतं. माझा सगळा उलगडा त्या रकान्याने केला. टोमॅटोचं सार दुपारी खाल्लं तेव्हा ठीक, तेच रात्री गरम करून खाल्लं तेव्हा कानशिलं तापली. इडलीचं पीठ पहिल्या दिवशी ठीक, तिसऱ्या दिवशी आंबट झाल्यावर खाज. आमच्याकडे म्हण असल्यासारखं सगळे सांगतात की तिखलं दुसऱ्या दिवशी जास्त लागतं. खरंच लागतं. पण माझ्या वहीत दुसऱ्या दिवशीच्या प्रत्येक तिखल्यापुढे फुली आहे.

वहीने आणखी एक दाखवलं. तीन वेळा पित्त उठलं त्या तिन्ही दिवशी मी डोकेदुखी-कंबरदुखीची गोळी घेतली होती. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्यांनी गांधी वाढू शकतात. मी पुढच्या भेटीत डॉक्टरांना ते पान दाखवलं आणि दुखण्यासाठी दुसरी गोळी लिहून घेतली.

निदान पंधरा दिवस वही लिहा, त्याआधी काही बंद करू नका. आधीच बंद केलं तर कशाने काय होतं ते कधीच कळत नाही.

मग दोन ते चार आठवडे हलकं ताट

यात बंद काय ठेवायचं: शिळं, आंबवलेलं, मुरवलेलं आणि वाळवलेलं. म्हणजे सुकी मासळी, व्हिनेगर, सोया सॉस, जुनं चीज, वाईन आणि इतर दारू, लोणची, आंबट झालेलं दही-ताक, आंबोळी, इडली-डोसा. भाज्यांत टोमॅटो, पालक आणि वांगं, कारण यांच्यात मुळातच हिस्टामिन बरंच असतं. संत्री, स्ट्रॉबेरी, चॉकलेट यांनी अंगातलं हिस्टामिन सुटतं असं खूप ठिकाणी वाचाल. त्याचा पुरावा कच्चा आहे. तुमच्या वहीत त्यांच्यापुढे फुली नसेल तर मी तरी ती बंद करायला सांगणार नाही. इंटरनेटवरच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि सगळ्या याद्या एकत्र केल्या तर माणूस उपाशी मरेल.

खायचं काय, हा प्रश्न कोकणी स्वयंपाकात फार सोपा सुटतो. आंबोळीऐवजी घावणं. पीठ आंबवायचं नसतं. तांदळाचं पीठ, पाणी, मीठ, हाताला दुधासारखं पातळ लागेल इतकं, आणि बिडाच्या तव्यावर लगेच. सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी, मिरची-कोथिंबीर घालून. दुपारी ज्वारीची किंवा तांदळाची भाकरी, दुधी नाहीतर दोडका, मुगाचं वरण, भात, वर तूप. रात्री मऊ भात आणि पडवळाची भाजी. फळांत सफरचंद, पेरू. दूध चालतं. पनीर घरी फाडून त्याच दिवशी. आंबटपणासाठी टोमॅटोच्या जागी आमसूल, मला तर त्याने आमटी जास्त आवडायला लागली. सोलकढी करायची ती नारळ त्याच वेळी खवून, आणि जेवणाबरोबर संपवायची. कोंबडी हवी असेल तर समोर कापून घ्या आणि घरी येऊन थेट चुलीवर चढवा.

मूल, गरोदर बाई, वजन कमी असलेलं माणूस यांनी हे आहारतज्ज्ञांशिवाय करू नये. आणि महिन्याच्या पुढे तर कुणीच ताणू नये.

मासे खायचेच असतील तर असं घ्या. कोळणीला "ताजा आहे का" असं विचारलं तर ती "हो" म्हणणारच. मी विचारते, "कुठल्या बंदरातला, आणि बर्फात कधीपासून?" कल्ला उचलून बघते, लालभडक हवा. बोटाने दाबलं की मांस परत वर यायला हवं. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मासा बर्फात पुरलेला हवा, बर्फाशेजारी मांडलेला नको. मी आता बाजारात जाताना थर्माकोलची छोटी पेटी नेते, बाजाराचं शेवटचं काम मासे असतं, घरी आल्याआल्या पोट साफ करून धुऊन शिजवते. शक्यतो पापलेटसारखे पांढऱ्या मांसाचे मासे घेते. 1 जून ते 31 जुलै या काळात आपल्याकडे मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात येतो तो माल कधीचा आणि कुठला हे कळायला मार्ग नसतो. ते दोन महिने मी मासे खातच नाही.

डब्यांमुळे रोज काही ना काही उरतं, तेव्हा शिळ्याचा प्रश्न मला सोडवावाच लागला. उरलेलं ओट्यावर निवत ठेवायचं नाही. परातीत थंड पाणी घालून त्यात पातेलं ठेवते, ढवळते, दहा-पंधरा मिनिटांत निवतं. मग एकाच्या वाटणीचे छोटे डबे करून थेट फ्रीझरमध्ये. फ्रीझरने आधीचं हिस्टामिन जात नाही, पण नवं तयार होणं जवळजवळ थांबतं. खायच्या वेळी बाहेर काढून लगेच पातेल्यात, टेबलावर वितळत ठेवायचं नाही.

अंगावर उठलंच तर

माझी आई एकच सांगते, "आमसोलां लाव गो." आठ-दहा आमसुलं वाटीभर पाण्यात वीस मिनिटं भिजत घालायची, कुसकरायची, गाळायची आणि ते गार पाणी कापसाने गांधींवर लावायचं. जुने कपडे घाला, डाग जात नाहीत. खाजवून त्वचा फाटली असेल तिथे लावू नका, मिठाने आग होते. माझी खाज याने दहा मिनिटांत निम्म्यावर येते. त्यात आमसुलाचा वाटा किती आणि गार पाण्याचा किती, हे मी छातीठोक सांगू शकत नाही, कारण नुसत्या ओल्या गार फडक्यानेही बराच आराम पडतो. मात्र गारठ्यानेच ज्यांना पित्त उठतं त्यांनी गार काहीच लावू नये. आपल्या आयुर्वेदात याला शीतपित्त म्हटलंय ते उगाच नाही. गरम पाण्याची आंघोळ त्या दिवशी टाळा. परकराची नाडी सैल करा; जिथे घट्ट बसतं तिथे माझ्या गांधी रांगेने उठतात.

नाकाची ॲलर्जी असणाऱ्यांनाही हे लागू आहे, कारण शिंका आणणारंही हिस्टामिनच. अंगातलं आणि ताटातलं, दोन्हींची बेरीज होते. पावसाळ्यात भिंतीला बुरशी, बारमाही गादीतले धूळकिडे, आणि रेल्वेच्या कडेने माजलेलं गाजरगवत, जे 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलं आणि आता कुठे नाही असं नाही. माझ्या शिंका मिठाच्या पाण्याने नाक धुऊन खूप कमी झाल्या. अर्धा लिटर पाणी खळखळून उकळायचं, कोमट होऊ द्यायचं, एक लहान सपाट चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा. एका नाकपुडीतून घालून दुसरीतून काढायचं, तोंडाने श्वास घेत. नळाचं कच्चं पाणी कधीही नाकात घालू नका. त्यातून नाकावाटे मेंदूपर्यंत जाणारा अमीबा शिरू शकतो, केरळात त्याने माणसं दगावली आहेत. चादरी-उशांचे अभ्रे आठवड्याला 60 अंशांच्या गरम पाण्यात धुते.

आवळा खाते, ताजा, हंगामात रोज एक. क जीवनसत्त्वाने रक्तातलं हिस्टामिन थोडं उतरतं असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय. कांद्यात क्वेर्सेटिन असतं, ते प्रयोगशाळेत हिस्टामिन सोडणाऱ्या पेशींना शांत करतं. ताटातल्या कांद्याने तेवढं होतं असं मी म्हणणार नाही, पण कांदा काही अपायही करत नाही. मध खाऊन ॲलर्जी जाते हे मला खरं वाटत नाही, मी वर्षभर करून पाहिलं.

गुळवेलीबद्दल मात्र कळकळीने सांगते. कोविडच्या वर्षात आमच्या इमारतीत घरोघरी काढा उकळत होता. त्याच काळात मुंबईत गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले. आयुष मंत्रालयाचं म्हणणं वेगळं होतं, तो वाद आहे. पण झाडाचं आहे म्हणून निरुपद्रवी, हे गृहीत धरू नका. काढा घ्यायचाच तर शिकलेल्या वैद्यांच्या देखरेखीखाली, आणि चालू औषधं त्यांना सांगून. डीएओच्या कॅप्सूलही मिळतात. त्यांतल्या बऱ्याच डुकराच्या मूत्रपिंडापासून केलेल्या असतात, शाकाहारी माणसाने डबीवरची बारीक अक्षरं वाचावीत.

डॉक्टरांनी दिलेली ॲलर्जीची गोळी घ्यायला संकोच करू नका. मी पूर्वी ती घेणं म्हणजे हार मानणं समजायचे आणि रात्र रात्र खाजवत बसायचे. आता माझ्या पर्समध्ये असते.

आणि ओठ, जीभ किंवा घसा सुजला, आवाज बसला, धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा गांधींबरोबर उलट्या सुरू झाल्या, तर आमसूल नाही, गोळी नाही, वाट बघणं नाही. माणसाला आडवं करा, पाय उंच ठेवा. धाप असेल तर टेकवून बसवा. 108 ला फोन करा. तिथे मांडीत द्यायचं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हेच औषध आहे, आणि एकेक मिनिट मोलाचं असतं.

परत एकेक पदार्थ आणायचा

हलक्या ताटाने चार आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर कारण हिस्टामिन नाही. सगळं पुन्हा सुरू करा आणि डॉक्टरांकडे जा. फरक पडला, तर एका वेळी एकच पदार्थ, सकाळच्या जेवणात, थोडासा. तीन दिवस थांबा, वहीत लिहा, मग पुढचा. बाहेरगावी असताना, पाळीच्या दिवसांत किंवा सर्दी-पडसं असताना नवीन काही आणू नका, उत्तर खोटं मिळतं.

मी वांग्यापासून सुरुवात केली, कारण भरलं वांगं डब्यात दर बुधवारी असतं आणि मला चव बघावीच लागायची. पहिल्या दिवशी अर्धी फोड. काही नाही. मग टोमॅटो, तो आठवड्यातून दोनदा चालतो, तिसऱ्यांदा कान तापतात. पालक चालतो. ताजं लावलेलं दही चालतं. आंबोळीचं पीठ रात्री भिजवून सकाळी केलं तर चालतं, दुपारी उरलेलं मुलीला. बांगडा मालवणला गेल्यावर, रापणीवरचा, त्याच तासाला. डोंबिवलीत अजून नाही. कुपा आणि सुकट वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवलेत, त्यांच्यापुढे अजून काही लिहिलेलं नाही.